इरण्णाच्या चिठ्ठ्या आणि माझी स्थळप्रत

इरण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत, मी जिवंत आहे हे सिद्ध करत होतो. पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर अंगठा ठेवायचा, यंत्रानं ओळखलं की आणखी एक वर्ष जगायला मोकळे. माझा अंगठा यंत्रानं तीनदा नाकारला. "आजोबा, हात पुसा आणि परत ठेवा," असं काउंटरवरची मुलगी सांगत होती आणि खिशात फोन वाजत होता. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. मुलगी म्हणाली, "झालं, तुम्ही आहात," आणि मी फोन कानाला लावला. पलीकडून इरण्णाची मुलगी, गौरी. "काका, आप्पा गेले... पहाटे, झोपेतच." मी तिथल्याच बाकावर बसलो. माझा चेहरा पाहून रांगेतल्या एका गृहस्थांनी सहानुभूतीनं विचारलं, "तुमचाही अंगठा उठला नाही वाटतं?" हे इरण्णाला सांगितलं असतं तर तो गल्ल्यावर डोकं टेकून हसला असता.

दहाव्या दिवशी नव्या पेठेतल्या जुन्या दुकानदारांनी शोकसभा घेतली. मी वीस मिनिटं बोललो. चांगला बोललो. नको इतका चांगला बोललो. "मोठमोठी दुकानं आली, स्वस्ताईच्या मागे सगळं सोलापूर धावलं, पण मी इरण्णाच्या दुकानाची पायरी सोडली नाही," असं म्हणून मी थांबलो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, पण वाजल्या. दुसऱ्या दिवशी याच वर्तमानपत्रात बातमी आली. मथळा होता 'अखेरपर्यंत साथ देणारा मित्र', आणि माझा फोटो इरण्णाच्या फोटोपेक्षा मोठा होता. सकाळच्या फिरण्यात लोकांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. एकानं तर, "हल्ली असे मित्र राहिलेत कुठे?" म्हणून डोळे पुसले. मीही पुसले. पायरी सोडली नाही, हे खरंच आहे. त्या पायरीवर बसून मी काय केलं, ते सांगायचं राहिलं होतं. ते आज सांगतो.

इरण्णा मूळचा वळसंगचा. घरात कानडी, बाजारात मराठी, गिऱ्हाईक पूर्व भागातलं विणकर असेल तर तेलुगू, विजापूर वेशीकडचं असेल तर दखनी. चारही भाषांत तो सारख्याच चुका करायचा, त्यामुळे कुठल्याच समाजाला आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटत नसे. नव्या पेठेतल्या एका बोळात त्याचं दुकान होतं. बायकोच्या नावानं, 'गिरिजा कॅसेट सेंटर'. पुढे कॅसेटी जाऊन सीड्या आल्या तरी पाटी त्यानं बदलली नाही. दुकान एवढंसं, की आत दोन माणसं मावायची आणि तिसऱ्यानं पायरीवर बसायचं. मी पहिल्यांदा गेलो तो कोरी कॅसेट आणायला.

"कोरी कॅसेट आहे का?"

"हाय की. काय भरणार?"

"ते मी बघीन."

"बघून भरत न्हाईत, ऐकून भरतात. बसा."

मी बसलो. त्यानं कुठल्याशा म्हाताऱ्या गवयाचं काहीतरी लावलं. अर्ध्या तासानं मी उठायला लागलो तर म्हणाला, "दुसरी बाजू ऱ्हायली की." कोरी कॅसेट त्यानं मला दिलीच नाही. म्हणाला, "उद्या या. आज तुमचा कान भरलाय, कॅसेट काय घेताय!" मी पाटबंधारे खात्यात आवक-जावक कारकून होतो. येणाऱ्या कागदावर नंबर घालायचा, जाणाऱ्या कागदावर नंबर घालायचा, एवढंच माझं आयुष्य. ऐकून घेतल्याशिवाय विकायचंच नाही असला नियम पाळणारा दुकानदार मी प्रथमच पाहत होतो. त्या दिवसापासून कचेरी सुटली की मी त्याच्या पायरीवर. त्यानं माझं नावही लवकरच टाकून दिलं. बोळाच्या तोंडाशी मी दिसलो की ओरडायचा, "आला बघा आमचा आवक-जावक!"

त्याची विकायची पद्धत वैद्यासारखी होती. गिऱ्हाइकानं नुसतं "काहीतरी चांगलं द्या" म्हटलं की तो स्टूल पुढे सरकवायचा आणि चौकशी सुरू. घरात माणसं किती, झोप कशी लागते, सासू सोबत राहते का, शेजारी भिंत एक आहे का दोन. मग दोन-तीन गाणी ऐकवायची, चेहरा बघायचा आणि शेवटी चिठ्ठी लिहून द्यायची, कुठली कॅसेट, कुठली बाजू, दिवसातून केव्हा आणि किती. भानगड एकच होती, इरण्णाचं अक्षर. ते दुसऱ्या दिवशी त्याचं त्याला लागायचं नाही. एकदा एका घरी बारशाला पाळणे लागायचे ते मर्तिकाची भजनं लागली. बाळाच्या आजोबांना वाटलं आपल्यासाठीच लावलीत, ते रुसून माढ्याला निघून गेले. तेव्हा मी म्हटलं, "इरण्णा, तू सांग, मी लिहितो." माझं अक्षर चांगलं होतं. खात्यातले साहेब मुलींच्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते माझ्याकडून लिहून घेत.

आता कारकुनाची खोड सांगतो. जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवायची, तिला आमच्यात स्थळप्रत म्हणतात. तिच्याशिवाय कागद हातातून सोडणं मला जमायचंच नाही. मी कार्बन आणला, दोन पानी वह्या आणल्या आणि इरण्णाच्या प्रत्येक चिठ्ठीची स्थळप्रत काढायला लागलो. वर जावक क्रमांक. इरण्णा खदखदून हसायचा. गिऱ्हाईक गेलं की विचारायचा, "सायब, ह्या बाईच्या नवऱ्याचं घोरणं कितव्या नंबरला गेलं?" त्या वह्या मी घरी ट्रंकेत, लाल फितीत बांधून ठेवत असे.

कसल्या चिठ्ठ्या होत्या त्या! 'नवरा घोरतो. सतार, संथ. नवऱ्याच्या आधी बाईने झोपून जावे.' 'सासू-सून एका खोलीत. दोघींनाही न कळणारे कानडी गाणे लावावे, म्हणजे अर्थावरून वाद होणार नाही.' 'दहावीचा मुलगा. काहीही देऊ नये. वडिलांना दिले आहे.' आणि सगळ्यात गाजली ती म्हशीची. वळसंगकडचे एक शेतकरी आले. इरण्णाच्या ओळखीचे, पण तक्रार नवीन.

"म्हस पान्हा चोरती, इरण्णा. गाण्यानं दूध देत्यात म्हणं म्हशी."

"कितवं वेत?"

"तिसरं."

"धार कोण काढतं?"

"मी काढतो. न्हायतर मालकीण काढती."

"मालकीण काढती तवा देती?"

"तवा देती की."

"मग म्हशीला काय झालं न्हाय."

त्यानं बासरीची कॅसेट काढली, त्यांना पूर्ण एक बाजू ऐकवली आणि मला म्हणाला, "लिही बे." मी लिहिलं, 'म्हैस, तिसरे वेत. बासरी. धारेपूर्वी एक बाजू. मालकाने ऐकावी.' आठ दिवसांनी ते गृहस्थ कळशीभर दूध घेऊन आले. म्हशीचं काही बदललं नव्हतं. आपण धारेला बसताना शिव्या द्यायचं बंद केलं, एवढंच ते म्हणाले.

मग होटगी रोडला ते मोठं काचेचं दुकान आलं. नाव लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना काचवाले म्हणायचो. धान्य, साबण, चपला, चादरी आणि एका कोपऱ्यात सीड्या. घाऊक व्यापारी इरण्णाला जी सीडी ज्या भावानं द्यायचा, त्याहून कमी भावात काचवाले ती गिऱ्हाइकाला विकायचे. साबणाच्या मोठ्या पुड्यासोबत एक फुकटही द्यायचे. इरण्णानं आधी विश्वास ठेवला नाही. मग खात्री झाल्यावर त्याला युक्ती सुचली, "घाऊकवाला कशाला पायजे? मी काचवाल्यांकडनंच माल आणतो की!" पिशवी घेऊन गेला तर तिथे पाटी, एका गिऱ्हाइकास दोनच. म्हणून त्यानं मला रांगेत उभं केलं, गिरिजावहिनींना उभं केलं, समोरच्या शिंप्याला उभं केलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या पहारेकऱ्यानं आम्हाला ओळखलं आणि ती घाऊक खरेदी बंद पडली.

लोक मात्र इरण्णाकडे यायचे थांबले नाहीत. उलट वाढले. येऊन बसायचे, दुखणं सांगायचे, तासभर ऐकायचे, माझ्या हातची चिठ्ठी घ्यायचे आणि सरळ होटगी रोडला जायचे. काचवाल्यांकडच्या पोरांना सनई कुठली आणि तबला कुठला ते ठाऊक नसेल, पण माझं अक्षर त्यांना झकास लागायचं. मी चिडलो. इरण्णा म्हणाला, "असू दे बे. आपण डॉक्टर, ते मेडिकल."

"अरे, मग तपासायची फी तरी घे!"

"ऐकायची फी घेतली तर ऐकायला कोण येणार? आन तू कुटं बसणार?"

तरी ओढाताण दिसत होती. पूर्वी भरलेला मधला खण रिकामा झाला, मग वरचा. इरण्णा उरलेल्या सीड्या अंतर अंतर ठेवून खण भरल्यासारखा दाखवायचा. एकदा म्हणाला, "एक वर्स निघालं की निभलं. त्या पोरांना गाण्यातलं काय कळत न्हाय. नुस्तं स्वस्त दिऊन गाणं इकत न्हाय, कुणाला काय द्यायचं ते कळाय लागतं. कंटाळून सोडतील नाद." त्याचा सगळा भरवसा त्या एका गोष्टीवर होता. काचवाल्यांकडे माल होता, माहिती नव्हती.

आणि ती माहिती लाल फितीत बांधून माझ्या ट्रंकेत होती.

माझी बहीण जेऊरला दिलेली. तिचा मुलगा प्रसाद आधी खतांच्या कंपनीत होता, ती सुटली, लग्न झालं, आणि त्याला नेमकी काचवाल्यांकडे नोकरी लागली. विभाग, संगीत. खतातलं त्याला चांगलं कळायचं. एका रविवारी तो पेढे घेऊन घरी आला. "मामा, इथल्या लोकांना काय ऐकायला लागतं काही कळंना. साहेब म्हणतात, तीन महिन्यांत विभाग चालला नाही तर तांदळावर टाकतो." त्याला मदत कर म्हणून बहिणीचा फोन आधीच येऊन गेला होता. तरी मी नाही म्हणालो, हे नोंदवतो. मग सहज म्हणून, केवळ माझं काम किती पद्धतशीर असतं ते दाखवायला म्हणून, मी ट्रंक उघडली. प्रसादनं एक वही चाळली, दुसरी चाळली, घोरण्यापाशी हसला, सासू-सुनेपाशी थांबला आणि माझ्याकडे वेगळ्याच आदरानं बघत म्हणाला, "मामा, हे सोनं आहे. हे सगळं तुम्ही काढलंय?"

तेव्हा म्हणायला हवं होतं की अक्षर तेवढं माझं, डोकं इरण्णाचं. मी म्हणालो, "हो."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर नंबर घालणाऱ्या माणसाला आयुष्यात प्रथमच कोणी म्हणालं होतं की हे तू केलंस... पण ही काही सबब नाही. इतकी वर्षं मी स्वतःशी म्हणत आलो की भाच्याच्या संसारासाठी वह्या दिल्या. भाच्यासाठी मी नाही म्हणालोच होतो. वह्या गेल्या त्या त्या 'हो'साठी. काचवाल्यांनी मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि शर्टाला लावायचा प्लास्टिकचा बिल्ला दिला, त्यावर 'संगीत सल्लागार'. बिल्ला मी घरात आरशासमोर एकदा लावून पाहिला. घड्याळाबद्दल मंडळींना सांगितलं, खात्यातून मिळालं.

प्रसाद कामाचा निघाला. पंधरा दिवसांत काचवाल्यांच्या त्या कोपऱ्यात नव्या रंगीत पाट्या लागल्या. 'घोरणाऱ्यांच्या घरासाठी.' 'सासू-सुनांसाठी.' 'आमच्या तज्ज्ञांची निवड, तीही निम्म्या किमतीत!' इरण्णाच्या दुकानी चिठ्ठ्या घेणारेही कमी झाले. कशाला येतील? पायरीवर मी एकटाच उरलो, आणि इरण्णा मला म्हणायचा, "तू तरी येतोस बे."

त्याला ते कळलं ते साखरेमुळे. गिरिजावहिनी घरचं सामान काचवाल्यांकडूनच आणायच्या. इरण्णानं एकदा हरकत घेतली होती, तर त्या म्हणाल्या होत्या, "गाणी तुमच्याकडनं फुकट ऐकते की. साखर फुकट देताय का?" तर त्या दिवशी पिशवी धरायला म्हणून तो गेला. वहिनी साखरेच्या रांगेत, हा हिंडत हिंडत गाण्यांच्या कोपऱ्यात. संध्याकाळी दुकानात आल्यावर त्यानं मला सगळं हातवारे करून सांगितलं.

"एक बाई घोरण्याच्या पाटीखाली हुभी. तिनं उचलली ढोलाची. ढोल बे, घोरण्यावर! मला ऱ्हावलं न्हाय. म्हटलं, ताई, ठेवा ती, नवऱ्याचं वजन किती? तिला काढून दिलं. तर मागं दुसरी हुभी. मग एक मास्तर. अर्ध्या तासात आठ माणसं रांगेत! तेवढ्यात त्यांचा सायब आला गळ्यात पट्टा घालून. मला म्हणतो, काका, टी-शर्ट कुटंय तुमचा? ड्युटीवर टी-शर्ट घालायचा माहीत न्हाय का? मी म्हटलं, मापाचा गावला न्हाय. तर म्हणतो, उद्या शिवून घ्या, न्हायतर काढून टाकीन. मला! माज्या शत्रूनं मला नोकरीवरनं काढायची धमकी दिली बे!"

मी हसत होतो. खोटं कशाला सांगू, मोठ्यानं हसत होतो, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती आणि हसू थांबलं की काय होईल याची मला भीती वाटत होती. तोही डोळे पुसत होता. मग म्हणाला, "आन सगळ्यात भारी सांगू का? म्हशीचा विभाग काढलाय त्यांनी. वर मोठी पाटी. म्हैस, तिसरे वेत. बासरी. धारेपूर्वी एक बाजू." तो थांबला. "खालचं तेवढं गाळलंय. मालकाने ऐकावी, ते. सगळं औषध त्यातच होतं, आन तेच गाळलंय."

आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. गिऱ्हाइकाला गाणं लावून दिल्यावर तो ज्या नजरेनं चेहरा बघायचा, तसं.

तेवढ्यात एक शिक्षिका आल्या. स्टूल, चौकशी, गाणी, सगळं झालं. मी सवयीनं वही ओढायला हात पुढे केला, तर वही इरण्णाच्या गुडघ्यावर होती. पेन त्याच्या हातात. बाई म्हणाल्या, "का हो, सर नाही का लिहीत? त्यांचं अक्षर छान आहे." मी म्हणालो, "डोळ्यांना जरा त्रास होतोय." इरण्णा मान वर न करता, आपल्या त्या भयंकर अक्षरात लिहीत लिहीत म्हणाला, "व्हय. लई दिवसांपासनं हाय त्याला. जवळचं दिसत न्हाय."

त्यानंतर चिठ्ठ्या तोच लिहायचा. त्या कुणालाच लागत नसत. गिऱ्हाईक परत यायचं, "इरण्णा, हे काय लिहिलंय?" तोही चिठ्ठी उलटीसुलटी करून बघायचा आणि पुन्हा पहिल्यापासून नाडी बघायचा. काचवाल्यांकडच्या पोरांना तर त्या मुळीच लागत नव्हत्या, त्यामुळे काही माणसं त्याच्याकडेच सीडी घ्यायला लागली. म्हणजे त्यानं माझ्या हातून वही काढली ती मला शिक्षा म्हणून, की धंद्याची युक्ती म्हणून, हे मला कधीच नक्की कळलं नाही. विचारायची छाती नव्हती. मी रोज संध्याकाळी पायरीवर जाऊन बसायचो, तो रोज "आला आवक-जावक" म्हणायचा, आणि आमच्यामध्ये ती वही असायची.

युक्तीनं फार दिवस निभलं नाही. वर्ष सरायच्या आत दुकान बंद झालं. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. पुढे दोन वर्षांत मोबाईलवर गाणी फुकट झाली आणि काचवाल्यांनीही तो कोपरा मोडून तिथे बिनतेलाचे तवे मांडले. प्रसाद शेवटी तांदळावरच गेला आणि सुखी आहे. शोकसभेत सगळे हेच म्हणाले की इरण्णाच्या दुकानाला मोबाईलनं खाल्लं. मीही म्हणालो. आता दुरुस्ती करतो. मोबाईलनं खाल्लंच असतं, पण दोन-तीन वर्षांनी. आणि त्या दोन-तीन वर्षांत इरण्णाला गौरीचं लग्न दुकानदार म्हणून करायचं होतं. निमंत्रणपत्रिकेवर 'गिरिजा कॅसेट सेंटर' छापायचं होतं. ते छापता आलं नाही. ती वर्षं मी खाल्ली.

दुकानातले खण त्यानं मंगळवार पेठेतल्या घरी, पुढच्या खोलीत आणून लावले. मी निवृत्त झालो होतो. मग संध्याकाळच्या पायरीऐवजी सकाळी त्या खोलीत. पंधरा वर्षं. त्यानं कधी एका शब्दानं विचारलं नाही. मी दर सोमवारी ठरवायचो की आज सांगायचं, तो प्लेयरचं बटण दाबायचा आणि मी म्हणायचो, बाजू संपू दे. बाजू संपली की तो दुसरी लावायचा.

'अखेरपर्यंत साथ देणारा मित्र' छापून आल्यावर आठवडाभर मला जेवण गेलं नाही. शेवटी गिरिजावहिनींकडे गेलो. त्या पुढच्या खोलीत शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. ट्रंक, वह्या, प्रसाद, तो 'हो', घड्याळ, बिल्ला. बिल्ला सांगताना मला फार लाज वाटली. त्यांचे हात पाल्यात थांबले.

"म्हंजे डोळे?" त्या म्हणाल्या.

"डोळ्यांना काही झालेलं नाही."

"जवळचं दिसतं?"

"सुईत दोरा ओवतो, वहिनी."

"आन हा पाला?" त्यांनी सूप माझ्यापुढे सरकवलं. "त्यांनी सांगितलं तुमचे डोळे गेलेत, म्हणून डोळ्याला चांगला असतो तर पंधरा वर्सं रोज तुमच्यासाठी शेवगा तोडते की मी! आकडी बांधून! मान धरली माजी! तुमी खात होतासा?"

"खात होतो."

"आन दिसत होतं?"

"...चांगलं दिसत होतं."

"अय्यो!" म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. मला क्षणभर वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना ठाव होतं?"

"हो."

"आन मला सांगितलं, डोळे." पाल्याच्या काड्या त्या उगीच जुळवत राहिल्या. "मला कळलं असतं तर ह्या उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं तुमाला, भावजी. ते वळखून होते मला. सकाळी समोर बसायला कुणीतरी पायजे होतं त्यांना, म्हणून डोळे घालवले तुमचे."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा."

"मला कशाला सांगताय कानात?" त्यांचा आवाज चढला. "सभेत बोलताना माईक होता की हातात! टाळ्या घेतल्यासा की! फोटो छापला की एवढा मोठा! खोटं माईकवर आन खरं कानात, व्हय? जितं ते छापलं, तितंच हे बी छापून आणा. मग या."

"तोवर?"

"तोवर भाईर."

म्हणून हा लेख. संपादकांना विनंती केली आहे की यासोबत माझा फोटो छापू नये.

वहिनींचं बोलणं झालं त्याला तीन आठवडे झाले. पंधरा वर्षांची सवय आहे, सकाळी सात वाजले की पाय आपोआप मंगळवार पेठेत जातात. पुढच्या खोलीची खिडकी गल्लीकडे आहे, तिच्याखाली उभा राहतो. आत प्लेयर चालू असतो. वहिनींना गाण्यातलं फारसं कळत नाही, हाताला येईल ते त्या लावतात. भजनामागे कव्वाली, कव्वालीमागे लग्नातला बँड. परवा एक सारंगी लागली होती. फार जुनी, मध्येच खरखरणारी. ऐकलेली वाटली, पण कोणाची ते काही केल्या आठवेना. हजारो चिठ्ठ्या माझ्या अक्षरात गेल्या, त्यांतल्या निम्म्यांत सारंगी असेल... आणि ही कोणाची, कोणती, कोणाला द्यायची, यातलं मला ओ का ठो कळत नव्हतं. मी गज धरून, टाचा उंचावून कान लावला. वहिनींनी मला पाहिलं. उठल्या, खिडकीशी आल्या. मला वाटलं, झालं, आता खिडकी लावून घेणार.

त्यांनी खिडकीला हात लावला नाही. माझ्याकडे न बघता मागे वळल्या आणि आवाज थोडा वाढवला.